आवाज कधी येत नाही?

कुवेतमधल्या मराठी माणसाला दोन विषयांवर सल्ला मागावा लागत नाही, तो आपोआप मिळतो. एक म्हणजे मुलांच्या बारावीनंतरचे शिक्षण आणि दुसरा म्हणजे गाडी. मंडळाच्या कार्यक्रमानंतर पार्किंगमध्ये कुणी नुसते बॉनेट उघडले तरी पाच मिनिटांत चार जण जमतात. एक म्हणतो पेट्रोल बदला, दुसरा म्हणतो ऑइल बदला, तिसरा शुवेखमधल्या आपल्या मेकॅनिकचा नंबर पाठवतो आणि चौथा म्हणतो, "विकून टाका हो, कशाला डोक्याला ताप!" सगळे मनापासून बोलत असतात. फक्त गाडीचा आवाज नीट कुणी ऐकलेला नसतो.

हा लेख त्या ऐकण्याबद्दल आहे. ज्या मुलामुलींना मराठी वाचायला वेळ लागतो त्यांनी तो आईबाबांकडून वाचून घ्यावा. त्यात तुमच्याच वयाच्या एका मुलीचा वाटा मोठा आहे.

आमची गाडी जपानी बनावटीची, चौदा वर्षे जुनी, 2 लाख 30 हजार किलोमीटर चाललेली. मंगफहून अहमदीला माझे ऑफिस, अबू हलीफाला बायकोचे काम, शुक्रवारी कधी साल्मिया, हिवाळ्यात वफ्राची शेते. लेकीला जन्मानंतर हॉस्पिटलमधून घरी आणले ते जुन्या गाडीतून, पण पहिलीपासून बारावीपर्यंतची तिची सगळी वर्षे या गाडीच्या मागच्या सीटवर गेली. ऑइल दर पाच हजार किलोमीटरला बदललेले, त्याच्या पावत्या डॅशबोर्डच्या कप्प्यात.

एप्रिलच्या सुरुवातीला तिच्यातून आवाज येऊ लागला. सिग्नलला थांबले की टक-टक-टक-टक. लाकडी दारावर कुणी बोटाच्या पेराने घाईघाईने वाजवावे तसा. गाडी पळू लागली की रस्त्याच्या आवाजात तो बुडून जायचा. मे महिन्यात तो मोठा झाला. जूनमध्ये शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून आमच्याकडे बघू लागला.

पहिला सल्ला पेट्रोलचा आला आणि तो अगदीच निराधार नव्हता. इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ठिणगीने पेटते आणि ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीत सरकते. पण उष्णता आणि दाब जास्त झाला, तर टोकाला उरलेले मिश्रण ज्वाला पोहोचण्याआधीच स्वतःहून एकदम भडकते. त्या धक्क्याने सिलिंडर खणखणतो. हेच खरे 'नॉकिंग'. पेट्रोल या अवेळी भडकण्याला किती विरोध करते त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसोऑक्टेन नावाच्या द्रव्याला 100 आणि हेप्टेनला शून्य धरून ही पट्टी आखलेली आहे. आपल्या पंपावरचे 91, 95 आणि 98 हे आकडे त्याच पट्टीवरचे.

उन्हाळ्यात आत जाणारी हवाच तापलेली असते, म्हणून कुवेतमध्ये हा त्रास जुलैत जास्त जाणवतो. पण हे नॉकिंग ओळखायची खूण वेगळी. बाटलीत छर्रे हलवावेत तसा तो पातळ, किणकिणता आवाज असतो आणि तो इंजिनावर जोर पडल्यावर येतो. म्हणजे फ्लायओव्हर चढताना किंवा पाचव्या रिंग रोडवर शिरताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर. शिवाय आजकालच्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. खणखण झाली की तो संगणकाला कळवतो, संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो आणि आवाज थांबतो.

आमचा आवाज तर गाडी उभी असताना येत होता. तरी आम्ही 91 ऐवजी 95 भरून पाहिले. 2016 च्या सप्टेंबरमध्ये दर वाढले तेव्हापासून 91 लिटरला 85 फिल्सला मिळते आणि 95 मिळते 105 फिल्सला. पन्नास लिटरच्या टाकीला एक दिनार जादा. दोन टाक्या संपल्या, आवाज होता तसाच. दोन दिनारांत एक शक्यता खोडली गेली, हे काही महाग नव्हे.

मग गाडी एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी बॉनेट उघडले, अर्धा मिनिट कान दिला, ॲक्सिलरेटर दोनदा दाबला आणि निकाल दिला, "भाईसाहब, नीचे का बेअरिंग गया. मकीना बदलना पडेगा." भंगारातले वापरलेले इंजिन, मजुरी, ऑइल धरून 550 दिनार. हमी एक महिन्याची.

आणि मग हळूच दुसरी वाट दाखवली. जाड ऑइल घालून देतो, वरून एक डबा औषध ओततो, आवाज पंधरा-वीस दिवस दबेल. तेवढ्यात गाडी विकून मोकळे व्हा. नवीन आलेले बरेच लोक जुनी गाडी शोधत असतात.

त्या रात्री घरी जेवताना कुणी फार बोलले नाही. लेकीचे बारावी झाले होते. ऑगस्टमध्ये ती पुण्याला इंजिनिअरिंगला जाणार होती. फी, हॉस्टेल, डिपॉझिट यांचा हिशोब आधीच वहीत मांडलेला होता आणि त्या हिशोबात 550 दिनारांना जागा नव्हती.

पण पैसे ही त्यातली सोपी बाजू. आखातात मोठ्या दुरुस्तीचा प्रश्न कधीच नुसता दुरुस्तीचा नसतो, हे आपल्यातल्या पहिल्या पिढीला सांगायला नको. फ्रिज बदलायचा की नाही, सोफा घ्यायचा की नाही, गाडीला इंजिन टाकायचे की नाही, या प्रत्येक प्रश्नाच्या पोटात एकच प्रश्न असतो: अजून किती वर्षे? इकाम्याच्या तारखेपलीकडचे आपण मोठ्याने बोलत नाही. लेक जाणार, मग आपण दोघांनी इथे किती काळ राहायचे? दोन वर्षांसाठी 550 दिनार घालायचे का? आणि घालायचे नसतील, तर आपण निघायचे ठरवले आहे असे समजायचे का? हा निर्णय आमच्याकडून एक गॅरेजवाला अर्ध्या मिनिटाच्या ऐकण्यावर करून घेत होता.

बायकोने एक गोष्ट मात्र लगेच निकालात काढली. "अहो, औषध ओतून विकायचे वगैरे काही नाही हं. उद्या मंडळातलाच कुणी नवीन मुलगा घेईल आणि महिन्याभरात रस्त्यात अडकेल. गणपतीला त्याच्या समोर बसून आरती म्हणायची आहे आपल्याला."

विषय तिथे थांबला. मग लेकीने ताटातून मान वर न करता विचारले, "बाबा, तो आवाज कधी येत नाही?"

आवाज कधी येतो, हे आम्ही अडीच महिने सगळ्यांना सांगत होतो. कधी येत नाही, हे कुणी विचारलेच नव्हते.

माझे बालपण इचलकरंजीचे. आमचे अण्णा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. एका छपराखाली चोवीस माग चालू असले की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. त्या गोंगाटात एखाद्या मागाचा ठोका चुकला, तर तो कोणता हे अण्णा ओळखायचे. लोकांना वाटायचे त्यांचा कान दैवी आहे. ते म्हणायचे, कान-बिन काही नाही, एकेक माग बंद करत जायचे. ज्याच्या बंद होण्याने आवाज थांबतो, तो चोर. लेकीने आजोबांना कारखान्यात कधी पाहिलेले नाही, आणि तिच्या प्रश्नाचा याच्याशी काही संबंध नव्हता. ती फिजिक्सच्या सवयीने बोलली होती. पण मला वाट दिसली.

आम्ही कागद घेतला आणि इंजिनातून ठकठक येण्याची जी कारणे मला माहीत होती ती लिहून काढली. वाचकांना उपयोगी पडतील म्हणून इथे देतो.

खालून येणारा, जड, हातोडीसारखा ठोका असेल, तो इंजिनाच्या वेगाबरोबर वाढत असेल आणि ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. हा सगळ्यांत वाईट आजार. अशी गाडी चालवू नये, तिथेच बंद करून टोइंग बोलवावे. वरून येणारी हलकी टिकटिक बहुधा टॅपेटची असते, आणि ऑइल कमी असले तरी ती येते. म्हणून कुठल्याही आवाजाला पहिली तपासणी डिपस्टिकची. थंड इंजिनात मोठा असणारा आणि गरम झाल्यावर विरणारा आवाज पिस्टनचा असू शकतो किंवा एक्झॉस्टच्या जोडातली फट असू शकते. गिअर टाकताना एकदाच धडक बसत असेल, तर इंजिन ज्या रबरी पायांवर बसते ते माउंट पाहावेत. आणि पट्ट्यावर फिरणाऱ्या वस्तू, म्हणजे अल्टरनेटर, पाण्याचा पंप, टेन्शनर आणि एसीचा कॉम्प्रेसर, यांतली कोणतीही बिघडली की तिचा आवाज इंजिनाच्या लोखंडातून पसरतो आणि इंजिनाचाच वाटतो.

शेवटची ओळ लिहिताना लेक म्हणाली, "एप्रिलमध्येच आपण एसी सुरू केला ना?"

मंडळी, याच कुवेतमध्ये मित्रिबा इथे 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने ते पुढे तपासून मान्यही केले. अशा देशात उन्हाळ्यात गाडी सुरू केली की एसी सुरू असतोच. तो बंद करून इंजिन ऐकावे, हे कुणाच्या मनात येत नाही. गॅरेजमध्येही गाडी गेली ती एसी लावून, आणि ऐकली गेली तीही एसी चालू असताना.

पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघे खाली उतरलो. गाडी अर्धा तास फिरवून इंजिन पूर्ण तापवले, म्हणजे ऑइल थंड होते वगैरे शंका नको. मग सावलीत उभी केली. एसी चालू: टक-टक-टक. लेकीने बटण दाबले. एक छोटासा 'खट्' झाला, कॉम्प्रेसरचा क्लच सुटल्याचा. आणि ठकठक थांबली. पुन्हा चालू, पुन्हा आवाज. सहा वेळा केले, सहाही वेळा तेच. आत बसलेल्या बायकोचा ड्रेस घामाने भिजला, पण ती उतरायला तयार नव्हती.

मी म्हटले, एवढ्याने सिद्ध होत नाही. एसी चालू केल्याने इंजिनावरचा भार वाढतो, आणि खराब बेअरिंगसुद्धा भाराखाली जास्त बोलते. म्हणून एसी बंद ठेवून भार दुसऱ्या मार्गाने वाढवायचे ठरले. पुढे कुणी नाही हे पाहिले, हँडब्रेक ओढला, ब्रेकवर पाय घट्ट ठेवून गिअर 'डी'मध्ये टाकला, हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावला. इंजिन भाराने किंचित दबले, पण ठकठक नाही. म्हणजे भार दोषी नव्हता.

मग लेकीने फोनवर दहा सेकंदांचा आवाज ध्वनिमुद्रित केला आणि एका ॲपमध्ये त्याची रेघ पाहिली. प्रत्येक ठोक्याला एक टोक. तिने टोके मोजली, सेकंदाला सुमारे सोळा. डॅशबोर्डवर इंजिनाचे फेरे मिनिटाला 750, म्हणजे सेकंदाला साडेबारा. रॉडचे बेअरिंग वाजले, तर साधारण प्रत्येक फेऱ्याला एकदा वाजणार, म्हणजे साडेबारा. व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून एका टॅपेटची टिकटिक सव्वासहा. सोळा हा आकडा इंजिनातल्या कशाशीच जुळेना. पण कॉम्प्रेसरची पुली मुख्य पुलीपेक्षा लहान असते, त्यामुळे ती इंजिनापेक्षा वेगाने फिरते. इंजिन बंद करून तिने पट्टी लावून दोन्ही पुल्या मापल्या, भागाकार केला आणि फोन माझ्यासमोर धरला. उत्तर सोळाच्या अगदी जवळ होते.

राहिली आमच्या पिढीची पद्धत. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या स्थिर भागावर टेकवायचे आणि मूठ कानाजवळ धरायची. 1816 साली लाएनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, त्यातून स्टेथोस्कोप आला. हा त्याचाच गरीब भाऊ. फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात, ओढणी, केस दूर ठेवायचे, हे मुलांना बजावून सांगावे. ऑइल पॅनवर टोक टेकवले, आवाज लांबचा. व्हॉल्व्ह कव्हरवर, त्याहून लांबचा. कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटवर टेकवले आणि मी दचकून मान मागे घेतली. आत कुणी हातोडा घेऊन बसल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही शुवेखला एका वेगळ्या मेकॅनिककडे गेलो. तीन परीक्षांचे निकाल मी त्याला क्रमाने सांगितले आणि लेकीने ती रेघ दाखवली. तो सियालकोटचा, पन्नाशीचा माणूस. त्याने रेघेकडे पाहून मान हलवली, पण तिच्यावर विश्वास ठेवून काम सुरू केले नाही. त्याने स्वतः पट्टा उतरवला आणि फक्त वीस सेकंद इंजिन चालवले, कारण पट्ट्याबरोबर पाण्याचा पंपही थांबतो. इंजिन एकदम शांत. पट्टा पुन्हा चढवून एसी बंद ठेवला, तरीही शांत. "पुली का बेअरिंग होता तो अभी भी बोलता," तो म्हणाला. पुली तर एसी बंद असतानाही फिरत असते. क्लच जोडल्यावरच आवाज येतो, म्हणजे बिघाड कॉम्प्रेसरच्या पोटात.

कॉम्प्रेसर काढला, तेव्हा त्यातून निघालेल्या तेलात चमचमता चुरा होता. म्हणून नुसता कॉम्प्रेसर बदलून भागणार नव्हते. पाइप धुणे, ड्रायर बदलणे, नवीन तेल, नवीन गॅस, सगळे मिळून 95 दिनार झाले. जाताना त्याने इंजिनाचा ऑइल फिल्टरही कापून उघडून दाखवला. आतला कागद काळा होता, पण स्वच्छ, धातूचा कण नाही. खालचे बेअरिंग झिजले असते, तर ते इथे दिसले असते. फिल्टर कापायचे पैसे त्याने घेतले नाहीत.

आवाज घालवणे आणि आवाजाचे कारण शोधणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1921 मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडले की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग घातले की नॉकिंग थांबते. इंजिने शांत झाली, पण शिसे जगभरच्या हवेत आणि मुलांच्या रक्तात गेले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले आणि जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते 2021 मध्ये थांबले. जाड ऑइल आणि डब्यातले औषध ही त्याच जातीची, लहान मापाची गोष्ट. आवाज दबतो, आणि त्याची किंमत कुणीतरी दुसरा देतो. आमच्या बाबतीत ती कदाचित नुकता कुवेतमध्ये उतरलेला, पहिल्या पगारातून गाडी घेणारा एखादा मुलगा देणार होता.

म्हणून यापुढे पार्किंगमध्ये कुणी गाडीचा आवाज सांगितला, तर सल्ल्याआधी चार प्रश्न विचारावेत असे मला वाटते. ऑइल किती आहे, ते आत्ता पाहिले का? आवाज थंडीत येतो की गरम झाल्यावर, उभ्या गाडीत की जोर दिल्यावर? वेगाबरोबर तो वाढतो का? आणि चौथा, लेकीचा. ऑइलचा दिवा लागलेला असेल, तर मात्र प्रश्न विचारत बसू नका, किल्ली फिरवून इंजिन बंद करा. मेकॅनिकला "इंजिन गेले का?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर "हो" हे फार सोपे असते. "कशावरून?" असे विचारावे. ज्याला काम येते तो या प्रश्नाने रागावत नाही. शुवेखच्या त्या माणसाने तर उलट लेकीला बोलावून काढलेला कॉम्प्रेसर हातात दिला आणि त्याचा शाफ्ट फिरवायला लावला. तो अडकत, खरखरत फिरत होता. तिने ग्रीसचे हात जीन्सला पुसले, आणि आईने त्या दिवशी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

'अजून किती वर्षे' हा प्रश्न आमच्याकडे तसाच आहे. तो कॉम्प्रेसर बदलून सुटणारा नाही, आणि सुटावा असेही नाही. पण तो आता आमचा आम्ही, सावकाश, चहा घेताना सोडवतो. चुकीच्या निदानाच्या धाकाने तो सोडवावा लागला नाही, एवढे समाधान आहे.

लेक ऑगस्टमध्ये पुण्याला गेली. एअरपोर्टला आम्ही याच गाडीतून गेलो, एसी लावून, सिग्नलला थांबत. तिने रेडिओ लावू दिला नाही. सप्टेंबरमध्ये गाडीची तपासणी झाली आणि दफ्तर एक वर्षासाठी नवे झाले. परवा हॉस्टेलवरून तिचा फोन आला होता. तिच्या खोलीतला पंखा आवाज करतो म्हणे. मी विचारले, "कधी येतो?" ती हसली आणि म्हणाली, "बाबा, आधी दुसरा प्रश्न विचार."